खोटं खोटं हसून खरा ताण जातो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ४१, बँकेत नोकरी, रोज बदलापूर ते दादर लोकल. घरी पोचेपर्यंत डोकं इतकं तापलेलं असतं की कुणी साधं 'चहा घेणार का' विचारलं तरी अंगावर जाते. सासूबाई समोरच्या बागेत हास्यक्लबला जातात आणि मलाही 'चल' म्हणतात. पण काही कारण नसताना हात वर करून हो-हो-हा-हा करणं मला विचित्र वाटतं. असं खोटं हसून ताण खरंच कमी होतो, की नुसतं मनाचं समाधान? आणि दिवसभरात हसायला वेळ तरी कुठून आणायचा?"

कमी होतो. सगळा नाही, आणि हास्यक्लबवाले सांगतात त्या कारणाने तर नाहीच. मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते आणि सकाळी एका हास्यवर्गातही असते. त्यामुळे हसण्याने मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळं बरं होतं म्हणणाऱ्यांचं मला जमत नाही, आणि बागेबाहेरून बघून नाक मुरडणाऱ्यांचंही नाही.

तुम्हाला जे विचित्र वाटतं त्यामागची गोष्ट मुंबईचीच आहे. डॉ. मदन कटारिया अंधेरीत फॅमिली डॉक्टर होते. हसण्याच्या फायद्यांवर एक लेख लिहिताना त्यांना वाटलं, लिहीत बसण्यापेक्षा करून बघावं. १३ मार्च १९९५ ला सकाळी लोखंडवाला भागातल्या बागेत ते गेले. पहिल्या दिवशी सगळी मिळून पाच माणसं जमली. पद्धत सोपी होती, एकाने मध्ये उभं राहून विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं. दोन आठवड्यांत चांगल्या विनोदांचा साठा संपला. मग चावट विनोद आले, कुणाच्या जातीवरचे, कुणाच्या बायकोवरचे आले, आणि लोक दुखावले जाऊ लागले. मंडळ मोडायच्या बेताला आलं, तेव्हा कटारियांनी विनोदच काढून टाकला. विनोदाशिवाय नुसतं हसायचं, एकमेकांच्या डोळ्यांत बघून. त्यांच्या पत्नी माधुरी योग शिकवायच्या, त्यांच्याकडून त्यात श्वासाचे व्यायाम आले. म्हणजे सासूबाई ज्या हास्यक्लबला जातात त्याचा जन्मच मुळी विनोद अपुरा पडला म्हणून झालेला आहे.

आता शरीरात काय होतं ते बघू. लोकल चुकली, साहेबांनी सगळ्यांसमोर फाइल परत केली, मुलाच्या शाळेतून फोन आला, की मेंदू अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप धाडतो. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरकं रक्तात येतात. छाती धडधडते, खांदे कानाकडे चढतात, जबडा आवळला जातो, श्वास वरच्यावर चालतो. ही सगळी तयारी पळण्याची किंवा भांडण्याची. तुम्ही मात्र काउंटरमागे खुर्चीत बसून पुढच्या ग्राहकाला 'या, बोला' म्हणता. तयारी होते, कृती होत नाही, आणि संध्याकाळपर्यंत अशा दहा तयाऱ्या एकावर एक साचतात. मग चहा विचारणारा सापडतो.

मोठ्याने हसताना श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, आणि बरगड्यांमधले स्नायू झटके देत हवा बाहेर ढकलतात. तोंडातून 'हा हा हा' निघतं तेव्हा आपण श्वास फक्त सोडत असतो. नेहमीपेक्षा फुप्फुसं जास्त रिकामी होतात, म्हणून त्यानंतरचा श्वास आपोआप खोल येतो. हसत असताना नाडी आणि रक्तदाब थोडे चढतात, हसणं थांबलं की उतरतात. स्नायू सैल पडतात. खूप हसल्यावर हातातला कप ठेवून द्यावा लागतो, गुडघ्यांत बळ राहत नाही, ते यामुळेच. लांब उच्छ्वासाने व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग कमी करते. प्राणायामातही श्वास सोडायचा काळ घेण्यापेक्षा लांब ठेवतात, त्याचं गणित हेच. आणि तुमच्या प्रश्नातल्या 'खोटं' या आक्षेपाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. श्वास किती लांब सोडला गेला याच्याशी श्वासपटलाला मतलब, विनोद चांगला होता की नाही हे त्याला कुणी विचारत नाही.

उरलेलं अर्धं थोडं अवघड आहे. हास्यवर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'शरीराला खरं आणि खोटं हसू यातला फरक कळत नाही.' मला हे वाक्य पटत नाही. आपसूक आलेलं हसू आणि मुद्दाम काढलेलं हसू यांत मेंदूचं काम वेगळं चालतं, आणि ऐकणाऱ्यालाही फरक बऱ्यापैकी ओळखू येतो. लंडनच्या सोफी स्कॉट या मेंदूशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलं आहे. कॉर्टिसोलचा आकडा लोक सांगतात तोही नीट बघायला हवा. २०२३ साली आठ अभ्यास एकत्र करून, एकूण ३१५ माणसांच्या माहितीवर, हसणाऱ्या गटात कॉर्टिसोल सुमारे ३२ टक्क्यांनी अधिक उतरल्याचं मांडलं गेलं. आकडा चांगला आहे, पण अभ्यास छोटे आहेत आणि बहुतेकांत माणसांना विनोदी चित्रफिती दाखवल्या होत्या. म्हणजे तिथलं हसू मुख्यतः खरं होतं. त्यावरून बागेतल्या हो-हो-हा-हा ला थेट प्रमाणपत्र मिळत नाही.

तरीही बागेतलं हसू काम करतं, कारण ते फार वेळ खोटं राहतच नाही. नमस्ते हास्यात तुम्ही समोरच्या आजोबांना हात जोडता, डोळ्यांत बघता आणि ओढूनताणून हसता. तेही तसेच ओढूनताणून हसतात. त्यांची कवळी जरा हलते, त्यांना कळतं की तुम्हाला दिसलं, आणि पुढच्या क्षणाला दोघं खरोखर हसत असता. हसणं जांभईसारखं पसरतं. कटारियांच्या पद्धतीत डोळ्यांत बघण्यावर एवढा भर आहे तो याच कारणाने. जे लोक डोळे मिटून किंवा आकाशाकडे बघत हसतात, ते महिनाभर आले तरी 'मला काही फरक पडला नाही' म्हणतात.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे: हसण्यात ताण उतरवणारी वस्तू विनोद नसून सोबत आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी बाजारात, कॉलेजच्या आवारात लोक केव्हा हसतात ते टिपून ठेवलं. विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतरची हसणी वीस टक्क्यांहूनही कमी निघाली. बाकीची 'बरं, निघते मी', 'अरे, हा बघ कोण आला' असल्या वाक्यांवरची. माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो, असंही त्यांना दिसलं. ऑक्सफर्डच्या रॉबिन डन्बार यांनी २०११ मध्ये लोकांना एकत्र बसवून हसवलं आणि हसण्याआधी व नंतर त्यांना किती वेदना सहन होते ते मोजलं. दंडाला रक्तदाबाची पट्टी आवळायची किंवा हाताला गोठवलेलं आवरण गुंडाळायचं, आणि नको झालं की सांगायचं. हसल्यावर सहनशक्ती वाढलेली होती. २०१७ मध्ये फिनलंडच्या तुर्कू इथे मित्रांसोबत अर्धा तास हसलेल्या पुरुषांच्या मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा शरीर स्वतः तयार करतं ती वेदनाशामक, अफूच्या जातीची द्रव्यं मोकळी झालेली दिसली.

म्हणून 'मी रात्री झोपताना तासभर रील्स बघून हसते' असं कुणी सांगितलं की मी फारशी खूश होत नाही. त्यात हसणं बहुधा नाकातून 'फुस्स' एवढंच असतं. श्वासपटल हलत नाही, सोबत नसते आणि झोपेचा तास मात्र जातो.

याच ओघात नॉर्मन कझिन्स यांचा उल्लेख कुणीतरी तुमच्याकडे करेलच. हे अमेरिकी संपादक १९६४ मध्ये मणक्याच्या तीव्र दुखण्याने आजारी पडले. रुग्णालयातून हॉटेलच्या खोलीत जाऊन त्यांनी विनोदी फिती बघितल्या, आणि दहा मिनिटं पोटभर हसल्यावर दोन तास वेदनेशिवाय झोप लागते असं १९७६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. ते त्याच वेळी क जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होते. एका माणसाचा अनुभव म्हणून तो छान आहे, तेवढ्याच वजनाने घ्यावा.

आता तुमचा दिवस. वेळ कुठून आणायचा हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नोकरदार बाई विचारते आणि बहुतेकींच्या बाबतीत वेळ लोकलमध्येच सापडतो. बदलापूरच्या लेडीज डब्यात काय काय चालतं ते मी तुम्हाला सांगायला नको. भाजी निवडणं, भिशी, डोहाळजेवण, नवरात्रातल्या रंगांच्या साड्या. तुमच्या डब्यात एखादा ग्रुप नक्की असेल आणि तुम्ही बहुधा कानात इअरफोन घालून खिडकीकडे तोंड करून बसत असाल. सकाळी बसा खुशाल. परतीच्या वाटेला, आठवड्यातून दोन-तीन दिवस, ते इअरफोन पर्समध्ये ठेवा. विनोद सांगायचा नाही, कुणाला हसवायचं नाही, नुसतं त्यांच्यात उभं राहायचं. बॉसच्या तऱ्हा, उतू गेलेलं दूध, चुकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलेला फोटो, एवढ्यावर अंबरनाथ येईपर्यंत चौघी खिदळत असतात. दाराशी पोचताना तुम्ही वेगळ्या असाल.

घरात एक गोष्ट करून बघा. रात्री जेवताना प्रत्येकाने आपली आजची एक फजिती सांगायची. नियम एकच, फजिती स्वतःचीच हवी. मुलाने पेपरात नाव लिहायलाच विसरल्याचं सांगावं, नवऱ्याने दुसऱ्याच्या स्कूटरला किल्ली लावत बसल्याचं, तुम्ही एका ग्राहकाचं पासबुक दुसऱ्याला दिल्याचं. दुपारी ज्या प्रसंगाने घाम फुटला होता तो रात्री गोष्ट म्हणून सांगताना तुम्हाला बाहेर उभं राहून त्याच्याकडे बघावंच लागतं. कोण आधी बोललं, मग साहेबांचा चेहरा कसा झाला, मग मी काय बावळटासारखं म्हटलं. मानसशास्त्रात समुपदेशक हेच काम तासभर बसून करून घेतात, प्रसंग तोच ठेवून त्याच्याकडे बघायची जागा बदलतात. फक्त जखम ताजी असेल तर हे करू नका. नोकरी जायची वेळ आली, घरात कुणाचं दुखणं निघालं, तर त्या दिवशी फजितीचा फेरा बंद.

'स्वतःचीच' हा नियम मी मुद्दाम घातला आहे. घराघरांतला बराचसा ताण विनोदाच्या नावाखालीच वाढतो. सुनेच्या पोळ्यांवर कोटी, बायकोच्या वजनावर कोटी, मुलाच्या मार्कांवर पाहुण्यांसमोर कोटी, आणि ती गप्प झाली की 'गंमत केली गं, हसायला शीक जरा'. अशा वेळी ज्याच्यावर हसलं जातं तोही बरेचदा हसतो. ते हसू मी समुपदेशनात रोज बघते. ओठ हसतात, डोळे हसत नाहीत आणि हात रुमाल पिळत असतात. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या: माणसं जोडणारा, स्वतःला धीर देणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःला खाली पाडणारा. पहिल्या दोन तऱ्हांचे लोक सहसा बऱ्या मनःस्थितीत सापडतात. चौथ्या तऱ्हेकडे लक्ष ठेवा. 'आम्ही काय, बिनडोकच' म्हणत सगळ्यांना हसवणारा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, सगळ्यांना आवडतो, आणि त्याला काय होतंय हे कुणी विचारत नाही. फजिती सांगताना तुमचा सूर 'मी अशीच मूर्ख' असा लागायला लागला तर थांबा. फजिती प्रसंगाची असावी, आपल्या सगळ्या असण्याची नव्हे.

ऑफिसमधलं हसू हा वेगळाच प्रकार. साहेबांच्या त्याच त्याच विनोदावर हसावं लागणं ही मेहनत आहे, तिने दमायला होतं, त्याला विश्रांती समजू नये. आणि हे जरा तिखट लिहिते: मार्चअखेरीला दोन माणसांचं काम एकावर टाकायचं आणि एप्रिलमध्ये कॉन्फरन्स हॉलमध्ये तासाभराचं हास्ययोग सत्र ठेवायचं, अशी बोलावणी मी आता घेत नाही. रिकाम्या जागा भरल्या की तो ताण जातो. हसण्याने फार तर त्या दिवशीची घरी जायची वाट सोपी होते.

तर सासूबाईंबरोबर जायचं का? रविवारी जा. हसायचंच असं ठरवून जाऊ नका, कडेला उभ्या राहा. वर्ग साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा असतो. टाळ्या, हो हो हा हा हा, मध्ये मध्ये दीर्घ श्वास, मग नमस्ते हास्य, लस्सी हास्य, मोबाइल हास्य, मौन हास्य. पहिल्या दिवशी टाळ्या आणि श्वास तेवढे करा. जीभ बाहेर काढायची सिंहमुद्रा सोडून दिलीत तरी कुणी काही म्हणत नाही, मीही नव्या लोकांना तिथे आग्रह करत नाही. मौन हास्यापासून सुरुवात केली तर लाजऱ्या माणसाला सोपं जातं, आवाज काढायचा नसतो. तीन-चार रविवार झाले की लाज बरीचशी उतरते. नाही उतरली, तर तुमचा हा मार्ग नाही एवढंच. मैत्रिणीबरोबर गप्पा मारत अर्धा तास झपाझप चालून या.

आणि सासूबाई का जातात तेही एकदा बघा. वाढदिवसाचा शिरा, एकादशीला कुणीतरी आणलेली साबुदाण्याची खिचडी, सहलीचे बेत. दोन दिवस गेल्या नाहीत तर तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी फोन येतो, 'काय हो, बरं आहे ना?' सत्तरीच्या माणसाला त्या फोनचा जेवढा फायदा होतो तेवढा हसण्याच्या सगळ्या प्रकारांचा मिळून होत नसेल.

कुणी जपावं हे वर्गात क्वचितच सांगितलं जातं. पोटाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, हर्निया, रक्त पडणारी मूळव्याध, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, फिट्स, गरोदरपण, यांत आधी डॉक्टरांना विचारा. दम्याच्या काही लोकांना जोराने हसल्यावर खोकल्याची उबळ येते, त्यांनी पंप जवळ ठेवावा. आणि चाळिशीनंतर हसताना, शिंकताना लघवीचे थेंब गळणं हे बायकांत अगदी सर्रास असतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. त्या भीतीने कित्येक जणी हसणंच आवरतात, 'मला नाही बाई असलं हसायला आवडत' म्हणतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात, काही आठवड्यांत बराच फरक पडतो.

हसू म्हणजे आनंदच असंही धरून चालू नका. १९६२ च्या जानेवारीत टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, काशाशा गावच्या मुलींच्या शाळेत हसण्याची लाट आली. मुलींना हसण्यारडण्याचे झटके यायचे, थांबवता यायचे नाहीत, शेवटी शाळा बंद ठेवावी लागली. जाणकारांनी त्यामागे मनावरचा ताणच धरला आहे.

तुमच्या बाबतीत मी एक गोष्ट वेगळी तपासेन. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, कारण नसताना रडू येतं, पूर्वी ज्यावर हसायचात त्यावरही हसू येत नाही, असं असेल तर हास्यक्लब हे त्याचं उत्तर नाही आणि 'हस की जरा' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लगेच बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. असं काही नसेल आणि फक्त संध्याकाळची चिडचिडच असेल, तर परतीच्या लोकलचा आणि जेवणाच्या वेळचा प्रयोग महिनाभर करा. त्यानेही फरक पडला नाही, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, पाळीत काही बदल झाला असेल तर तोही डॉक्टरांना सांगा. एकेचाळिसाव्या वर्षी विनाकारण चिडणाऱ्या बायकांमध्ये रक्त कमी किंवा थायरॉइड बिघडलेला निघणं मला नवं नाही, आणि त्यावर गोळी लागते.